घरी काय पाजलं?

संपादकांचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर वाळत घातलेल्या डाळीवरच्या चिमण्या हाकलत होते. "सिस्टर, आमच्या दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा." मी विचारलं, "कशावरही लिहू?" म्हणाले, "अगदी कशावरही." म्हटलं, "मग हगवणीवर लिहिते." मग घसा खाकरून म्हणाले, "जरा दुसरा विषय नाही का? लोक फराळ करता करता अंक वाचतात हो."

झालं, माझं डोकं फिरलं. हार्ट ॲटॅकवर लिहिलं की लोक चकली खात खात वाचतात. कॅन्सरवर लिहिलं की डोळे पुसत वाचतात. आणि आमच्या जिल्ह्यात ज्यानं लेकरं हातची गेली, त्याचं नाव काढलं की नाकाला पदर! मी म्हटलं, "छापायचं असेल तर हेच छापा, नाहीतर राहू द्या." छापताहेत. तेव्हा ज्याला किळस येते त्यानं आधी करंजी संपवावी आणि मग पुढं वाचावं.

मी सुमन. सरकारी दवाखान्यात तीसेक वर्षं सिस्टर होते. आधी परळीकडं, मग माजलगावकडं. लोक मला 'तोंडाळ सिस्टर' म्हणायचे, माझ्या पाठीमागं आणि कधीकधी समोरसुद्धा. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू. तोंड चाललं नाही तर वॉर्ड चालत नाही, असं मी नव्या पोरींना सांगायचे. ते किती खरं आणि किती खोटं, हेच सांगायला बसलेय.

आधी जरा आमचा धंदा समजावून सांगते. रडताना आसू ओठांवर आले की खारट लागतात ना? आपण आतून सगळे तसेच आहोत. अंगातल्या पाण्यात मीठ ठरलेलं, पोटॅशियम नावाचा दुसरा क्षार ठरलेला, आणि आपण भज्यांच्या पिठात घालतो तोच सोडा, तोही ठरलेला. जोराचे जुलाब लागले की नुसतं पाणी जात नाही, हे सगळंच वाहून जातं. सोडा गेला की रक्त आंबट होतं. शरीर मात्र शहाणं. तो आंबटपणा ते श्वासावाटे बाहेर टाकायला बघतं. म्हणून पोर खोल खोल, भराभर श्वास घेतं. खोकला नाही, घरघर नाही, नुसता लोहाराचा भाता. पोटॅशियम गेलं की स्नायूंतलं बळ जातं. मान धरत नाही. आतडी हलत नाहीत म्हणून पोट फुगतं. आणि हृदय हाही स्नायूच असतो, हे विसरू नका.

त्या भात्यासारख्या श्वासाला आमच्याकडं लोक 'डबा' म्हणतात. खरा डबा म्हणजे न्यूमोनिया. पण पोर धापलं की झाला डबा, मग पोटावर तापल्या बिब्ब्याचा डाग. आधीच वाळून गेलेलं लेकरू, त्याला वरून चटका! असे डाग बघितले की माझ्या अंगाची लाहीलाही व्हायची.

यावर जे औषध आहे ते इतकं साधं आहे की त्याला कोणी औषधच मानत नाही. मीठसाखरेची पुडी. सगळे क्षार मापात घातलेले. एक पुडी, एक लिटर पाणी. पाणी जास्त पडलं तर पुडीचा उपयोग कमी. पाणी कमी पडलं तर तीच पुडी विष: रक्तात मीठ चढतं, ते मेंदूतलं पाणी ओढून घेतं आणि लेकराला झटके येतात. माझे वडील परळीत किराणा दुकानदार. तागडी हातात घेतली की म्हणायचे, "पोरी, मापात पाप करू नये." मी दुकानदाराचीच लेक, मला माप शिकवायला कोणाची गरज नव्हती. असं मला वाटायचं.

परळीकडची एक गोष्ट आधी सांगते, कारण ती मी कोणालाच सांगितलेली नाही.

तिथं तेव्हा वीजकेंद्राच्या राखेच्या विटा पाडणाऱ्या भट्ट्या पुष्कळ होत्या. एका भट्टीवरची लता नावाची पोर, वीस-एकवीस वर्षांची, कडेवर दीड वर्षाची राणी. राणीच्या अंगात पिवळं झबलं, केसांत राख. एके दिवशी राणीला जुलाब लागले म्हणून ओपीडीत येऊन औषध घेऊन गेली. मीच कागद बघून पुड्या दिल्या असणार. रांग दारापर्यंत होती, कोणाकोणाचं तोंड लक्षात ठेवणार? दुसऱ्या दिवशी दुपारी राणीला घेऊन धावत आली ती पोरीला झटके येत असताना. डोळे वर गेलेले, जीभ कोरडी ठणठणीत. डॉक्टरांनी झटक्याचं औषध दिलं, जीपमध्ये घातलं. अंबाजोगाईला पोचायच्या आत राणी गेली.

जीप निघायच्या आधी मी लताला काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "काल पुड्या दिल्या होत्या ना? पाजल्या नसशील! नुसतं औषध न्यायचं आणि फळीवर ठेवायचं! तुझ्या हातानं मारतेयस लेकराला!" भर ओपीडीत, पन्नास माणसांसमोर. तिनं मान खाली घातली. मी केसपेपरवर लिहिलं: 'पुडी पाजली नाही.' आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

नंतर मी माजलगावकडं बदलून आले. तिथलं काय सांगू? माझ्या रागाला तिथं रोज खाद्य होतं. औषधाच्या दुकानात पुडी मागायला गेलं की दुकानदार गोड रंगीत पाण्याचा डबा पुढं करायचा. डब्यावरचं नाव असं की माणसाला वाटावं हेच ते औषध. आतमध्ये साखरच साखर! साखर जास्त झाली की आतड्यात आणखी पाणी सुटतं, जुलाब वाढतात. मी एकदा त्याच्या दुकानात उभी राहून भांडले. तो म्हणाला, "सिस्टर, गिऱ्हाईक मागतंय ते देतो. तुमची पुडी खारट लागती, लेकरं थुंकतात." मी म्हटलं, "मग तुझ्या घरच्या लेकराला जुलाब झाले की काय देतोस बे?" तर गडी हसला आणि म्हणाला, "तुमची पुडी." बघा आता!

आणि आमच्या दवाखान्यातलं ते मशीन! रक्तातलं मीठ आणि पोटॅशियम मोजायचं मशीन आलं तेव्हा फीत कापली, पेढे वाटले, फोटो निघाले. चार महिन्यांत त्यातलं रसायन संपलं. मागणीपत्र गेलं, स्मरणपत्र गेलं, पुन्हा स्मरणपत्र गेलं. मशीनवर प्लॅस्टिकचा कागद पडला तो पडलाच. खंडेनवमीला मात्र त्याला झेंडूचा हार आणि हळदकुंकू न चुकता. मी हार घालायला नकार दिला तर मलाच म्हणे, "सिस्टर, देवाधर्माचं तरी राहू द्या." मशीन चालवायचं कोणाच्या मनात नाही, पुजायला सगळे पुढं!

मशीन नव्हतं म्हणून आम्ही डोळ्यांनी बघायचो. पोटाची कातडी चिमटीत धरायची, परत बसायला किती वेळ लागतो ते बघायचं. आणि श्वास. दारातनं आत येणाऱ्या आईच्या कडेवरच्या लेकराचा श्वास बघून मी सांगायचे, याचं रक्त आंबलंय. नवे डॉक्टर तोंडात बोट घालायचे. त्या डोळ्याचा मला लई गर्व होता. त्या गर्वानंच कार्तिकच्या वेळी घात केला.

निवृत्तीच्या आधीचं वर्ष. बाजाराचा दिवस, सकाळचे अकरा वाजले असतील. एक धनगर म्हातारा आणि त्याची सून छोट्या टेम्पोतनं उतरले. म्हाताऱ्याच्या खांद्यावर घोंगडं, हातात लांब दांड्याची कुऱ्हाड, मेंढरांना पाला पाडायची. शिपायानं कुऱ्हाड दारातच काढून घेतली. म्हाताऱ्याचं नाव म्हाळबा, सून पूजा, तिच्या खांद्यावर दोन वर्षांचा कार्तिक. कार्तिकचा बाप मेंढरं घेऊन लांब गेलेला.

पोराची मान लटकत होती. डोळे खोल गेलेले, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी. पण श्वास? शांत. मी मनात म्हटलं, बरं झालं, पाणी गेलंय पण रक्त अजून आंबलेलं नाही. आणि नुसतं पाणी गेलेलं पोर सलाईननं वाचतं, हे मला तीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलेलं. मग माझं तोंड सुटलं.

"किती दिवस झाले?"

"चार दिस झाले, बाई," म्हाळबा म्हणाला.

"चार दिवस! आणि आज उजाडलं होय तुम्हाला? मेंढरू आजारी पडलं तर रातोरात उचलून नेता. लेकराला चार दिवस वाळत घातलंत! घरी काही दिलं नसेलच ना?"

म्हाताऱ्यानं तोंड उघडलं. माझं पेन तोवर कागदावर टेकलं होतं. 'घरी काही दिले नाही.' त्यानं तोंड मिटलं.

त्या वर्षी आमच्याकडं बॉण्डचे डॉक्टर होते, नुकते शिकून सरकारी सेवेची अट पुरी करायला आलेले, मिशा धड न फुटलेले. पोरगा पण हुशार, आणि माझ्यासारखीचं ऐकून घेणारा. आम्ही शीर शोधली, सलाईन लावली. गुलकोजची नाही, क्षारांची, जुलाबाला लागते ती. पहिला भाग भराभर सोडला. अर्ध्या तासात नाडी सुधारली, हातपाय कोमट झाले. इथं पोर डोळे उघडतं, रडतं, पाणी मागतं. मी वाट बघत होते, कार्तिक रडेल म्हणून.

कार्तिक रडेना. मान उचलेना. हात उचलून सोडला की धपकन पडायचा. आणि पोट फुगायला लागलं. तासाभरात ढोलासारखं ताणलं. डॉक्टरांनी पोटाला नळी लावून ऐकलं. आत एक आवाज नाही. श्वास आधीच शांत होता, तो आता उथळ झाला. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, आतड्याला पीळ पडलाय बहुतेक. ऑपरेशन लागेल. अंबाजोगाईला पाठवू."

ॲम्ब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन गेलेली, यायला तीन-चार तास. पूजा कॉटच्या पायाशी बसून पदर तोंडात कोंबून रडत होती. मी तिच्यावरही खेकसले, "रडून काय होणार आता?" देवा, काय बाई होते मी!

आमच्या वॉर्डात गयाबाई म्हणून आया होती. झाडू, फरशी, बेडपॅन सगळं तिच्याकडं. लिहितावाचता येत नाही, आवाज कधी चढला नाही. ती बाहेर लिंबाखाली म्हाळबाजवळ जाऊन बसली, आपल्या चंचीतली सुपारी त्याला दिली, आणि विचारलं, "मामा, तुमची मेंढरं किती?" एवढंच. मेंढरांवरनं बोलता बोलता म्हातारा कार्तिकवर आला. पाच-सात मिनिटांनी गयाबाई आत आली, माझ्या कानाशी म्हणाली, "सिस्टर, रागावू नका. जरा त्या म्हाताऱ्याचं ऐकून घ्या."

मी बाहेर गेले. म्हाळबा उठून उभा राहिला. मी म्हटलं, "बसा." मीही खाली बसले, नोकरीत पहिल्यांदाच असेल.

तो म्हणाला, "बाई, मेंढरू ज्वारीच्या राशीत शिरलं आन पोटभर दाणं खाल्लं, की दुसऱ्या दिशी लई धापतं. आतून आंबतं ते. मग आमी त्याला खायाचा सोडा पाजतो पाण्यात. निवळतं. कार्तिक परवा तसाच धापत हुता. वस्तीवरली समदी म्हनली, डबा झालाय, बिब्बा लावा. मी म्हनलं, हात लावाल तर बघा. ह्यो डबा न्हाई. ह्यो आंबलाय."

मी म्हटलं, "मग?"

"सोडा पाजला. कोकराला पाजतो तेवढा. काल सांजच्यापातुर चार येळा. धाप निवळली बघा. पर मान गेली."

बिनशाळेच्या माणसानं, मेंढरांमागं फिरून, पोराच्या श्वासावरनं ओळखलं होतं की रक्त आंबलंय. पाठ्यपुस्तकात आहे तेच! रोग बरोबर ओळखला, शेजाऱ्यांशी भांडून पोराला डागू दिलं नाही. औषध तेवढं चुकलं. सोड्यानं आंबटपणा कमी झाला, धाप थांबली. पण आंबटपणा उतरतो तसं रक्तात राहिलेलं थोडंफार पोटॅशियमही पेशींच्या आत निघून जातं. जुलाबात आधीच गळालेलं, उरलेलं सोड्यानं पळवलं. पीळबीळ काही पडला नव्हता. आतड्यात हलायचं बळच नव्हतं. आणि पुढचा नंबर हृदयाचा होता. ज्या शांत श्वासावर मी खूश झाले होते, तो बरं होण्याचा नव्हताच.

आत पळाले. "सर, सोडा दिलाय घरी. चार वेळा. पोटॅशियम बघा." डॉक्टरांनी लगेच ईसीजी काढला. ईसीजीच्या पट्टीवर ज्या लाटा उभ्या दिसायला हव्यात त्या आडव्या झोपल्या होत्या. "पोटॅशियम लावायला हवं," ते म्हणाले, "पण लघवी झालीय का?"

हा आमच्यातला पक्का नियम. मूत्रपिंड चालू असल्याची खात्री झाल्याशिवाय पोटॅशियम लावत नाहीत. ते बाहेर पडलं नाही तर रक्तात साठतं आणि हृदय बंद पाडतं. कमी पडलं तरी मरण, जास्त झालं तरी मरण. आणि ते शिरेत एकदम ढकलायचं तर कधीच नाही; सलाईनमधनं, थेंब मोजत.

लघवीची वाट बघायची ती बघू, पण औषध हाताशी तरी पाहिजे. पोटॅशियम होतं भांडारात. भांडाराला कुलूप. किल्ली भांडारपालाच्या खिशात आणि भांडारपाल जिल्ह्याच्या गावी आढावा बैठकीत! फोन लावला. म्हणतो, "सिस्टर, संध्याकाळी आलो की देतो. पंचनाम्याशिवाय कुलपाला हात लावू नका हां, ऑडिट आहे." मी म्हटलं, "तुमच्या ऑडिटला आग लागो!" आणि फोन ठेवला.

शिपायाला म्हटलं, "ती कुऱ्हाड आण." तो मागं सरकला, "सिस्टर, नोकरी जाईल माझी." म्हाळबानं सगळं ऐकलं होतं. त्यानं जाऊन आपली कुऱ्हाड आपणच उचलली, मला म्हणाला, "बाई, सरका बाजूला." कुऱ्हाडीच्या पाठीचा एक घाव. कुलूप फरशीवर.

औषध हातात घेऊन आम्ही उभे. सलाईन चालू, पूजाच्या मांडीवर कार्तिक, गयाबाईच्या हातात वाटी. डॉक्टर, मी, शिपाई, म्हातारा, सगळे एका दोन वर्षांच्या पोराकडं टक लावून बघतोय, कधी मुततं म्हणून. हसू नका. आयुष्यात मी कशाची इतकी वाट बघितली नाही. पूजाची मांडी अवघडली म्हणून म्हाळबानं पोराला स्वतःकडं घेतलं. पंचवीस मिनिटं झाली. डॉक्टर दर मिनिटाला ईसीजीकडं बघत होते.

आणि एकदम म्हाळबा ओरडला, "मुतला! बाई, मुतला! समदं धोतर भिजावलं!"

डॉक्टरांनी चक्क उडी मारली. माप काढलं, मी सलाईनमध्ये मिसळलं, बाटली हलवून एकजीव केली आणि घड्याळ समोर धरून थेंब मोजायला बसले. म्हातारा ओल्या धोतरानं रडत होता. चारच्या सुमारास पोटात गुडगुड झाली. नळी कानाला लावून डॉक्टरांनी ऐकलं आणि नळी मला दिली, "ऐका सिस्टर, ऐका!" ॲम्ब्युलन्स आली तोवर धोका मागं सरला होता, तरी आम्ही अंबाजोगाईला पाठवलंच. आमचं मशीन झेंडूचे वाळके हार घालून बसलेलं, रक्त कशावर तपासणार? तिथं दोन दिवस ठेवून घेतलं. परत जाताना म्हाळबा मुद्दाम आमच्याकडं उतरला. कार्तिक मान ताठ करून त्याच्या खांद्यावर, हातात बिस्कीट.

आठ दिवसांनी मला कारणे दाखवा नोटीस आली. शासकीय मालमत्तेचं नुकसान! मशीन वर्षानुवर्षं बंद, त्याची नोटीस कोणाला नाही. ऐन वेळी किल्ली खिशात घालून गेला त्याला नाही. कुलूप तुटलं म्हणून मला! मी उत्तर लिहिलं, 'कुलूप तुटले हे खरे आहे. त्याच्या जागी नवे लावले असून किल्ली वॉर्डात खिळ्याला टांगली आहे. पुन्हा तशी वेळ आली तर तेही तोडीन.' त्यावर काही उत्तर आलं नाही.

पण मला जे सांगायचंय ते हे नाही. म्हाळबा निघताना मी त्याला विचारलं होतं, "आज्जा, मी विचारलं तेव्हाच का नाही सांगितलंत सोड्याचं? दोन तास गेले त्यात."

तो रागानं नाही, अगदी सरळ म्हणाला, "तुमी इचारलं कुठं बाई? तुमी म्हनला, काही दिलं नसंलच. आन लिवलंत. मी आडानी मानूस, लिवल्यालं कसं खोडू?"

आजवर साहेब लोक बोलले, पुढारी बोलले, नोटिसा आल्या, माझ्या अंगाला कधी लागलं नाही. हे लागलं. त्या दिवशी जेवायला बसले आणि पहिल्याच घासाला राणीचं पिवळं झबलं डोळ्यांपुढं आलं. 'पाजल्या नसशील.' तेही मीच विचारलं होतं, आणि उत्तरही मीच दिलं होतं.

उरलेल्या वर्षात मी प्रत्येक केसपेपरवर हातानं एक ओळ वाढवायचे: घरी काय पाजलं? किती? कशात कालवून? आणि विचारून गप्प बसायचे. गप्प बसणं मला फार जड गेलं, पण लोक बोलायचे. काय काय निघायचं! चुन्याची निवळी, साबुदाण्याचं पाणी, राख, सोडा. आता ते कागद गेले, कॉम्प्युटर आला. त्यात जात आहे, उत्पन्न आहे, रेशनकार्ड आहे, आधार आहे. लेकराच्या पोटात काय गेलं याला मात्र जागा नाही. मी निवृत्त झाल्यावर एकदा जाऊन बघितलं, म्हटलं ही एक ओळ टाका. म्हणे, "सिस्टर, फॉर्म वरून येतो." वरून! लेकरं खालून मरतात आणि फॉर्म वरून येतो!

निवृत्तीनंतर मी आणखी एक काम केलं. परळीला माहेरी गेले होते, तिथनं भट्ट्यांकडं गेले आणि विचारत विचारत लताला शोधलं. ती त्याच बाजूला होती. आता केस पिकलेले, थोरला मुलगा ट्रॅक्टर चालवतो. तिनं मला लांबूनच ओळखलं. "सिस्टर ना तुमी?" बाज झटकून बसायला दिली, चहा टाकला. तिला माझा राग यावा असं मला वाटत होतं. तो तिच्या डोळ्यांत कुठंच नव्हता.

मी विचारलं. आवाज न चढवता, उत्तर न देता. "लता, राणीला त्या पुड्या कशा पाजल्या होत्यास?"

"पाजल्या की, बाई," ती म्हणाली. "दोनी पाजल्या. पेल्यात कालवून. एका पेल्यात एक पुडी. लई खारट हुतं, ती तोंड फिरवायची. मी नाक दाबून पाजलं. तुमी म्हनला हुता ना, कालवून समदी पाज म्हणून."

चहाचा कप माझ्या हातातनं खाली ठेवला गेला. कालवून सगळी पाज. दिवसातनं शंभरदा म्हणायचे मी ते. कशात, किती पाण्यात, हे त्या रांगेत मी तिला सांगितलंच नव्हतं. दुकानदाराची लेक मी!

"मग त्या दिवशी मी तुला म्हणाले, पाजली नसशील, तेव्हा बोलली का नाहीस गं?"

"तुमी शिकल्याल्या. मला वाटलं, कमी पडली आसंल माझ्या हातून." ती चुलीकडं बघत म्हणाली. "आजून बी तसंच वाटतं कवा कवा."

मी तिला सगळं सांगितलं. तुझं काही चुकलं नाही, पाणी कमी पडलं, आणि ते सांगायचं काम माझं होतं. तुला जे बोलले ते खोटं होतं. मला रडता येत नाही लवकर, त्या दिवशी आलं. लतानं विचारलं, "मग किती पाणी घालायचं आसतं?"

तिच्या फळीवर स्टीलचे पेले होते. मी माठातलं पाणी घेऊन एकेक भरला आणि जमिनीवर ओळीनं मांडला. पाच पेले. म्हटलं, "एका पुडीला एवढं."

तिनं पहिला पेला हातानं जरा बाजूला सरकवला आणि उरलेल्या चारांकडं बघत बसली.

"पाणी तर हुतं की घरात, बाई," ती म्हणाली.